निरंक

सरकारी नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना ‘निरंक’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. खालच्या कचेरीतून वरच्या कचेरीकडे दर महिन्याला जी माहितीपत्रके जातात, त्यांतील एखाद्या रकान्यात भरण्यासारखे काही नसले की तेथे ‘निरंक’ असे लिहायचे असते. रकाना कोरा सोडणे हा गुन्हा. निरंक लिहिणे हे कर्तव्य. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत हा शब्द चालतो आणि आमच्या मध्य प्रदेशातील हिंदी कचेऱ्यांतही तो जसाच्या तसा चालतो. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी अशा दोन दारांमधून आम्ही जन्मभर ये-जा केली. कपडे न बदलता आमच्याबरोबर दोन्ही दारांतून येणारा जाणारा हा एक शब्द होता.

दिसायला तो निरुपद्रवी आहे. त्याचा उपद्रव आम्हांला पहिल्यांदा कळला तो १९८७ साली. तो दुष्काळाचा काळ होता. आम्ही नोकरीत नवे होतो, आणि ज्या तहसिलीत होतो तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. जनावरांच्या गणनेचे तक्ते सहीसाठी आमच्यापुढे आले. त्यांत एका वाडीसमोर ११२ शेळ्या आणि ४१ गायी असा आकडा होता. योगायोग असा, की दुष्काळी कामाच्या निमित्ताने पंधराच दिवसांपूर्वी आम्ही त्या वाडीत जाऊन आलो होतो. वाडी मजुरीसाठी उठून गेली होती. घरांना कुलपे होती. एक म्हातारी आणि तिचे कुत्रे, एवढाच काय तो जीव तेथे होता. पटवाऱ्याला बोलावून विचारले, तेव्हा त्याने न बिचकता सांगितले, ‘‘साहब, पिछली बार का आंकड़ा है. निरंक लिखेंगे तो ऊपर से पूछेंगे.’’ शंभर शेळ्या लिहिल्या तर कोणी काही विचारत नाही. निरंक लिहिले की का, कधीपासून, जबाबदार कोण, असे तीन प्रश्न येतात. त्या प्रश्नांची उत्तरे लिहिण्याचा उत्साह आमच्यापाशी नव्हता. आम्ही सही केली. त्या काळी आमची सही फार सुबक होती.

ही गोष्ट आम्ही घरीसुद्धा कधी सांगितली नव्हती. आज सांगतो आहोत ती एका पक्ष्यामुळे.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९८६ च्या श्रावणात, आम्ही एका रविवारी झाशी-शिवपुरी रस्त्यावरील करैऱ्याला गेलो होतो. १९८१ साली तेथील सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचा मुलूख सोन चिरैयासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी तेथे या पक्ष्याचा अभ्यास करीत होते. सोन चिरैया म्हणजे आपला माळढोक. ‘आपला’ म्हणतो खरे, पण हा मराठी शब्द आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हता. पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आले त्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली. सोवळे, श्रावणी, मोदक आणि आरत्या त्यांनी नीट बांधून आणल्या, पण माळरानावरचे शब्द वाटेत कोठे तरी सांडले. पाखरांची मराठी नावे आम्ही फार पुढे, मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’तून, परीक्षेचा अभ्यास करावा तशी पाठ केली.

त्या सकाळी पाऊस नुकताच उघडला होता. गुडघाभर गवत, मधूनमधून बोरीची झुडपे, आणि नजर पोहोचेल तेथवर सपाट जमीन. बरोबरच्या वनरक्षकाने बोट दाखविले त्या दिशेला आम्हांला आधी एक पांढरा ठिपका दिसला. एखाद्या शेतकऱ्याने धोतर वाळत घातले असावे असे वाटले. मग ते धोतर चालू लागले. नर माळढोक होता. उंची एक मीटरच्या आसपास, वजन बारा-पंधरा किलोंपर्यंत जाणारे, डोक्यावर काळी टोपी. गळ्याची पिशवी फुगवून ती पार पायांपर्यंत लोंबती सोडून, शेपूट पाठीवर उलटे टाकून तो उभा होता. थोड्या वेळाने एक खोल, घुमणारा हुंकार आला. मोठ्या रांजणात तोंड घालून कोणी हाक मारावी तसा. त्याची ही सारी खटपट जिच्यासाठी होती ती मादी आम्हांला दिसली नाही. ती एका विणीला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर.

परतताना एका शेतकऱ्याच्या ओसरीवर चहा घेतला. ‘सोन चिरैया देखी?’ असे त्याने विचारले आणि आम्ही भारावून सांगू लागलो, तेव्हा त्याचा चेहरा तसाच राहिला. त्या अभयारण्यात जंगल नव्हतेच. गावे होती, शेते होती, लोकांच्या नावावरच्या जमिनी होत्या. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ याचे विसावे कलम आम्हांला तोंडपाठ होते: कलम अठरानुसार अधिसूचना निघाली की त्या हद्दीतील जमिनीवर वारसाखेरीज कोणालाही नवा हक्क मिळवता येत नाही. म्हणजे विक्री बंद. त्या माणसाला मुलीच्या लग्नासाठी चार बिघे विकायचे होते. तो म्हणाला, ‘‘साहब, चिड़िया तो उड़ जाएगी, जमीन कहाँ उड़ेगी?’’ आम्ही कायदा समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतला आणि आणखी एक कप चहा पुढे केला.

पुढे तसेच झाले. संरक्षणामुळे काळवीट वाढले, ते पिकांत शिरू लागले, आणि त्याचा राग ज्याच्या नावाने अभयारण्य होते त्या पक्ष्यावर निघाला. त्याची शिकार केली असे नव्हे. पण पूर्वी जी राखण लोक आपणहून करीत ती थांबली. गवत चरले गेले, माळ नांगराखाली आले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत करैऱ्यातून माळढोक नाहीसा झाला. जमिनीवरची बंदी मात्र त्याच्यामागे राहिली, आणि जो पक्षी नाही त्याचे अभयारण्य रद्द करा, ही गावकऱ्यांची मागणी पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. महाराष्ट्रातही याहून वेगळे घडले नाही. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत जे माळढोक अभयारण्य झाले त्याचे कागदावरील क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात चालती-बोलती गावे आणि बाजारपेठाही आल्या. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. नान्नजला आम्ही एकदा आमच्या सोलापूरच्या मामेभावाबरोबर गेलो होतो. पक्षी दिसला नाही, हुरडा उत्तम मिळाला.

निवृत्तीनंतर आम्ही पाखरे मोजणाऱ्यांच्या संगतीला लागलो. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची जी आशियाई गणना १९८७ पासून होते, तिच्यासाठी आम्ही चौघे-पाच निवृत्त लोक तिघऱ्याच्या जलाशयावर जातो. ज्या धरणाचे पाणी ग्वाल्हेर पिते, तेच हे. मोजायला बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की आपल्याला मोजता येत नाही. पाण्यावर वारकऱ्यांचा काळा थवा पसरलेला असतो (वारकरी हे त्या पाखराचे मराठी नाव, आणि त्याहून समर्पक नाव आम्हांला सुचत नाही), त्यांत थापट्या आणि तलवार बदके मिसळलेली असतात, आणि मोजता मोजता निम्मे बुडी मारतात. शिकविणाऱ्या तरुणाने युक्ती सांगितली: आधी दहा नेमके मोजा, ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या, आणि मग ते माप साऱ्या थव्यावर टाकत जा. पहिल्या वर्षी एकाच थव्याचे आम्ही चौघांनी चार आकडे दिले. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांत दुपटीचे अंतर होते. आम्ही ओशाळलो. तो तरुण म्हणाला, ‘‘काका, चारही लिहा. अंतर किती पडले हेही कळायला हवे.’’

पस्तीस वर्षांच्या नोकरीत चार निरनिराळे आकडे वर पाठवा असे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. तेथे आकडा एकच लागे.

वाघाच्या बाबतीत हा देश तेच करीत आला होता. ओरिसातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची रीत बसविली. हे तेच गृहस्थ, ज्यांनी सिमलिपालात ‘खैरी’ नावाची वाघीण घरी वाढविली. वाघाच्या ठशावर काच धरायची, तिच्यावर आकृती गिरवायची, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा, आणि प्रत्येक ठसा कोणत्या वाघाचा ते ओळखायचे. या रीतीने १९७२ साली देशात १,८२७ वाघ भरले आणि २००१-०२ साली ३,६४२. पण तोच वाघ ओल्या मातीत एक ठसा उमटवतो, धुळीत दुसरा आणि उतारावर तिसरा. डॉ. उल्हास कारंथ यांनी १९८० च्या दशकातच पिंजऱ्यातील चार वाघांचे ठसे जाणत्या वनाधिकाऱ्यांपुढे ठेवून पाहिले होते. वाघ चार आहेत हे एकालाही सांगता आले नव्हते. तरी रीत चालूच राहिली, कारण तिच्यातून दरवर्षी एक आकडा निघे, आणि तो बहुधा मागल्या वर्षीपेक्षा थोडा वाढलेला असे.

मग २००५ उजाडले आणि राजस्थानातील सरिस्क्यात एकही वाघ उरलेला नाही हे उघड झाले. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत कागदावर तेथे वीसहून अधिक वाघ होते. पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले, त्याचा अहवाल त्याच वर्षी आला, आणि ठशांची पद्धत मोडीत निघाली. आमच्याच राज्यातील पन्ना २००९ साली त्याच वाटेने वाघावाचून रिकामे झाले. तेथे धोक्याची घंटा आधीपासून वाजविली जात होती. (पुढे बांधवगड, कान्हा आणि पेंच येथून वाघ आणून पन्ना पुन्हा नांदते केले गेले, ती निराळी आणि सुखाची कथा आहे.) सरिस्क्याची बातमी वाचताना आम्हांला आमच्या ११२ शेळ्या आठवल्या. शिकाऱ्यांनी वाघ मारले हे खरे. पण मेलेल्या वाघांना कागदावर जिवंत ठेवणारे हात आमच्यासारख्यांचेच असणार. कोणी वाईट नव्हते. निरंक लिहिले की वरून विचारणा होते, एवढेच.

नवी पद्धत समजून घ्यायला आम्हांला बराच वेळ लागला. पण तिचा गाभा आमच्या आजीलाही कळला असता. तळ्यात मासे किती हे सांगायचे आहे. सगळे पकडता येत नाहीत. म्हणून पन्नास पकडावेत, खूण करून सोडून द्यावेत. काही दिवसांनी पुन्हा जाळे टाकावे. समजा चाळीस सापडले आणि त्यांतले दहा खुणेचे निघाले. म्हणजे चौथा हिस्सा खुणेचा. तर पन्नास हा साऱ्या तळ्याचा चौथा हिस्सा, आणि मासे सुमारे दोनशे. वाघाला खूण करावी लागत नाही. प्रत्येकाचे पट्टे निराळेच असतात. वाटेवर दोन्ही बाजूंना आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले की झाले. २००६ च्या गणनेचा निष्कर्ष बाहेर आला तेव्हा देशभर हाहाकार झाला: १,४११ वाघ. पण आमचे लक्ष वेधले ते त्याच्या शेजारच्या दोन आकड्यांनी. कमीत कमी १,१६५, जास्तीत जास्त १,६५७. सरकारी कागदावर ‘आम्हांला नेमके ठाऊक नाही, पण या दोन टोकांच्या मध्ये असावे’ असे लिहिलेले आम्ही प्रथमच पाहत होतो. २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ आली, तीही ३,१६७ ते ३,९२५ या दोन कुंपणांच्या आत. पूर्वीचे ३,६४२ आणि आताचे ३,६८२ शेजारी ठेवून ‘वाघ तेवढेच राहिले’ असे म्हणणारे विद्वान आम्हांला भेटले आहेत. पहिला आकडा आणि दुसरा आकडा एकाच मापाने मोजलेले नाहीत, हे सांगून आम्ही थकलो.

माळढोकाला पट्टे नाहीत. त्याच्यासाठी निराळाच हिशेब करावा लागतो, आणि त्याच्या बाबतीत ‘किती’पेक्षा ‘कोठे’ हा प्रश्न मोठा आहे. अभ्यासकांनी या पक्ष्याच्या संख्येचे जे अंदाज दिले ते असे: १९६९ साली १,२६०, १९७८ साली ७४५, २००१ साली ६००, २००८ साली ३००. पुढे ते दीडशेच्या आसपास आले. हे आकडे वाचले की वाटते, पक्षी सगळीकडे हळूहळू विरळ होत गेला असेल. तसे होत नाही. तो एका माळावरून जातो, मग दुसऱ्या माळावरून. उरलेले माळ काही काळ भरलेले दिसतात, आणि बेरीज थोडीशीच घसरते. करैरा गेला तेव्हा देशाच्या बेरजेत फारसा फरक पडला नसेल. कोणत्या माळावर शेवटचा पक्षी कोणत्या साली होता हे नकाशावर लिहीत गेले तरच पुढचा माळ कोणता जाणार हे आधी कळेल. लष्करातील आमच्या बोळात मराठी घरे किती उरली हे आम्ही बोटांवर सांगू शकतो. पण त्यांतले पहिले दार कोणत्या वर्षी बंद झाले, हे विचाराल तर आठवत नाही.

थरच्या वाळवंटात वन्यजीव संस्थेच्या लोकांनी जी पाहणी केली तिच्यात मुलुखाचे १४४ चौरस किलोमीटरांचे चौकोन पाडले, आणि प्रत्येक चौकोनातील कच्च्या वाटांवरून हळू गाडी चालवीत पक्षी शोधले. दिसला तर कोठे, किती अंतरावर. नाही दिसला तर तेही. २०१७-१८ च्या सुमारास तेथे १२८ माळढोक असावेत, त्यात १९ इकडे किंवा तिकडे, असा अंदाज आला. त्याच मुलुखात विजेच्या तारांना आपटून वर्षाला किती मरत असतील, हेही या चौकोनांच्या आधारे सांगता आले. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१९ पासून जैसलमेरकडे अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचे कामही सुरू झाले आहे.

आम्हांला गुंतवून ठेवले ते ‘नाही दिसला तर तेही’ या रकान्याने. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. गवतात बसलेला माळढोक पन्नास पावलांवरून दिसत नाही. मग नाही हे म्हणायचे केव्हा? याचाही हिशेब आहे. पक्षी आहे हे पक्के ठाऊक असलेल्या जागी, धरून चालू, पाच खेपांत तो दोनदाच दिसतो. म्हणजे एका खेपेत असूनही न दिसण्याची शक्यता पाचांत तीन. दोन खेपांत ती पंचविसांत नऊ होते, तीन खेपांत साधारण पाचांत एक. दहा खेपा घालूनही नजरेस पडला नाही, तर तो असूनही आपल्याला चुकला, ही शक्यता हजारात सहा उरते. तेव्हा कोठे मनुष्याने निरंक लिहावे. एक निरंक लिहायला दहा पहाटा लागतात. आम्ही त्या वाडीच्या शेळ्यांवर सही केली तिला अर्धा मिनिट लागला होता.

म्हणून आम्ही ठरविले, करैऱ्याच्या दहा खेपा घालायच्या. तज्ज्ञांनी तेथला आढळ संपला हे केव्हाच लिहून ठेवले आहे. आमच्या खेपांनी शास्त्रात काही भर पडणार नाही हे आम्हांला कळते. तरी गेली काही वर्षे, श्रावण-भाद्रपदात पाऊस उघडला की आम्ही दोघे-तिघे पहाटे ग्वाल्हेरहून निघतो. गावरस्ता, एका बांधावरची बाभूळ, दुर्बीण, थर्मासमधला चहा. सकाळी सहा ते दहा. टिटव्या असतात, लावे असतात, शेतांतून नीलगायी हिंडतात, कधी काळविटांचा कळप दिसतो. सोयाबीन आणि भुईमूग. दूरवर काही पांढरे दिसले की तिघांच्याही दुर्बिणी एकदम वर जातात. बहुधा बगळा असतो. एकदा खरोखरीच वाळत घातलेले धोतर होते. वहीत आम्ही तारीख, वेळ, हवा, चाललेले अंतर आणि मग तो शब्द लिहितो.

गेल्या खेपेला घरी परतलो तेव्हा दुपार कलली होती. सौभाग्यवतींनी पान वाढता वाढता विचारले, ‘‘काय पाहिलेत?’’

‘‘काही नाही. ही सातवी खेप.’’

मग जेवता जेवता आम्ही त्यांना तो हिशेब सांगितला. सात खेपांनंतर, असूनही न दिसण्याची शक्यता हजारात अठ्ठावीस उरते. दहा झाल्या की सहा.

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘मग उरलेल्या तीन खेपा घालूच नका ना. अठ्ठावीस राहू द्यात.’’

आम्ही त्यावर काही बोललो नाही. तो विचार आमच्या मनात आलाच नव्हता असे नाही. हात धुऊन आल्यावर वही काढली, सातव्या खेपेची नोंद पुरी केली, आणि दोघा सोबत्यांना फोन करून पुढच्या रविवारचे विचारले. एकाचे गुडघे दुखत आहेत. तो येणार नाही म्हणाला. दुसऱ्याने पाऊस उघडला तर येतो असे सांगितले आहे.